स्पर्धेच्या कायद्यात सहकाराची जागा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसापुढे 'सहकार' हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा साखर कारखान्याची चिमणी, जिल्हा बँकेची निवडणूक आणि गावच्या सोसायटीची पायरी उभी राहते. बंगळूर, दिल्ली वा सिंगापूरला स्थायिक झालेल्या माझ्या कित्येक मित्रांच्या मनात या शब्दाबरोबर थोडी आत्मीयता आणि थोडा संशय असे दोन्ही भाव असतात. परंतु सहकारी संस्था ही बाजारात मालाची खरेदी-विक्री करणारी, इतरांशी स्पर्धा करणारी, आणि पुष्कळदा अगदी लहान अशी एक व्यावसायिक संस्था असते, हे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नाही. सरकारच्या मनात तरी ते कितपत येते, असा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला.

केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. लहान उद्योगांना बाजारात मोठ्यांपुढे टिकता यावे म्हणून कोणते नियम असावेत, या विषयावर दिल्लीत एक सल्लामसलतीची बैठक होती आणि तिचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. निमंत्रितांच्या यादीत उद्योजकांच्या मोठ्या संघटना होत्या, लघुउद्योगांच्या संघटना होत्या, किरकोळ व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते, ग्राहकांच्या वतीने बोलणारे होते आणि वकील तर होतेच. सहकारी संस्थांचे कोणी नव्हते. यादी अपुरी राहिली असावी अशा समजुतीने मी वरिष्ठांना विचारले. त्यांनी फाईलवरून नजर न काढता सांगितले की तो कृषी खात्याचा विषय आहे. उत्तरात तिरस्कार नव्हता, अनास्थाही नव्हती. कामकाजवाटपाच्या नियमांप्रमाणे ते अचूक उत्तर होते. चहानंतर बैठक पुढे चालू झाली आणि हातमाग, दूध, मासेमारी या धंद्यांतील लहान उत्पादकांविषयी पुष्कळ सहानुभूतीने चर्चा झाली. या धंद्यांतील असंख्य लहान उत्पादक ज्या संस्थांचे सभासद आहेत, त्या संस्थांचा उल्लेख मला माझ्या टिपणांत कोठेही सापडला नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेताना मला बरेच मागे जावे लागले.

या देशात स्पर्धेच्या प्रश्नावर सहकाराने दिलेला सर्वांत ठळक लढा स्वातंत्र्यापूर्वीचा आहे आणि तो मुंबईच्या दुधाशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई शहरात चांगल्या दुधाची टंचाई होती. मुंबई सरकारने १९४५ साली दूध योजना आखली आणि गुजरातमधील खेडा जिल्ह्यातून, सुमारे चारशे किलोमीटर अंतरावरून, दूध आणण्याचे ठरवले. आणंद येथे पॉलसन कंपनीची डेअरी होतीच. तेथे दूध तापवून, थंड करून रेल्वेने मुंबईला धाडता येत होते. म्हणून सरकारने पॉलसनशी करार केला आणि आणंद परिसरातील दूध गोळा करण्याचा एकाधिकार त्या कंपनीला मिळाला. शहरवासीयांच्या दृष्टीने योजना उत्तम होती. कंपनीचीही सोय झाली, दलालांची झाली. ज्याच्या दारात म्हैस होती त्याला मात्र गिऱ्हाईक एकच उरले, आणि दूध ही तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू न शकणारी वस्तू.

मक्तेदारी म्हटले की आपल्याला एकच विक्रेता आणि असहाय ग्राहक असे चित्र दिसते. आणंदला नेमके उलटे होते: खरेदीदार एक आणि विक्रेते हजारो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या दुसऱ्या प्रकाराला पहिल्याच्या मानाने थोडी जागा मिळते. प्रशासनाच्या विचारात त्याहूनही थोडी. शिवाय येथे मक्तेदारी कोणा धूर्त व्यापाऱ्याने हिकमतीने मिळवलेली नव्हती, ती सरकारी करारातून, लोककल्याणाच्या हेतूने निर्माण झाली होती. अशा मक्तेदारीविरुद्ध तक्रार करायची कोणाकडे? तक्रार ऐकणारा कायदाच नव्हता.

शेतकऱ्यांचे प्रतिनिधी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. सरदारांचा सल्ला असा की दूध कंपनीला देऊ नका, स्वतःची सहकारी संस्था काढा, आणि सरकारने तिचे दूध घेतले नाही तर दूध विकणेच बंद करा. त्यांनी मोरारजी देसाईंना खेड्याला पाठवले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली, गावोगावी दूध उत्पादक संस्था काढण्याचा निर्णय झाला आणि सरकारने नकार देताच दुधाचा संप पुकारण्यात आला. पंधरा दिवस खेड्यातून मुंबईला दूध गेले नाही. शेवटी सरकारने उत्पादकांची मागणी मान्य केली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल तिचे अध्यक्ष. १९४८ साली दोन गावांतील जेमतेम अडीचशे लिटर दुधावर संघाचे प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी व्हर्गीस कुरियन नावाचा एक तरुण अभियंता, सरकारी शिष्यवृत्तीच्या कराराने बांधलेला आणि सुटकेची वाट पाहणारा, आणंदला येऊन दाखल झाला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. या प्रकरणात सरकारच्या बाजूने काम पाहणारे मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी, आणि त्रिभुवनदास व कुरियन, या तिघांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार विभागून मिळाला. प्रशासनाच्या इतिहासात असे योग विरळा येतात.

मला या प्रसंगातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उत्पादकांनी पॉलसनची मक्तेदारी मोडा आणि दहा व्यापाऱ्यांना दूध घेऊ द्या, अशी मागणी केली नव्हती. त्यांची मागणी होती, आमचे दूध आमच्याच संस्थेकडून घ्या. एका मोठ्या खरेदीदारासमोर दहा छोटे खरेदीदार उभे करणे हा स्पर्धेचा एक उपाय झाला. विक्रेत्यांनी एकत्र येऊन स्वतःच मोठे होणे हा दुसरा. पहिला उपाय नंतरच्या कायद्यांना समजला. दुसऱ्याचे काय करावे हे त्यांना आजही नीटसे उमगलेले नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत हा प्रश्न उद्भवला नाही, कारण लहान उद्योग आणि सहकार यांचा विचार एकाच टेबलावर होत असे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी ग्रामोद्योग व लघुउद्योग यांविषयी १९५५ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. द. गो. कर्वे. लहान कारागिराला कच्चा माल, भांडवल आणि बाजारपेठ मिळवून द्यायची तर त्याची सहकारी संघटना हवी, ही त्या समितीच्या विचाराची बैठक होती. वैकुंठभाई मेहता हे मुंबई राज्यात अर्थ आणि सहकार ही दोन्ही खाती सांभाळलेले गृहस्थ. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. धनंजयराव गाडगीळ एकीकडे प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या उभारणीत आणि दुसरीकडे रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणी समितीवर. या पिढीला 'लघुउद्योग कोणत्या खात्याचा आणि सहकार कोणत्या खात्याचा' असा प्रश्न पडणे शक्यच नव्हते, कारण दोन्ही विषय त्यांच्या डोक्यात एकाच ठिकाणी राहत होते. प्रा. कर्व्यांच्याच अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय सहकार संघाने सहकाराच्या तत्त्वांची फेरमांडणी करणारा आयोग नेमला आणि १९६६ साली व्हिएन्ना येथील अधिवेशनात त्या आयोगाची तत्त्वे स्वीकारली गेली. जगभरच्या सहकारी संस्था अनेक वर्षे ज्या तत्त्वांवर चालल्या, ती मांडणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष पुण्याचा प्राध्यापक होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे आढळत नाही. असो.

साठीच्या दशकात मक्तेदारीचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेत आला. नियोजनाची फळे कोणाच्या पदरात पडली, हे पाहण्यासाठी महालनोबिस समिती झाली; न्यायमूर्ती दासगुप्तांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोगाने १९६५ साली अहवाल दिला; मुंबई विद्यापीठाचे प्रा. आर. के. हजारी यांनी परवानापद्धतीचा लाभ मोजक्या घराण्यांनाच कसा झाला हे आकडेवारीनिशी दाखवले. या सर्वांची परिणती १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधकारक व्यापारप्रथा कायद्यात झाली. १ जून १९७० पासून तो अमलात आला. सरकारी भाषेत त्याला सर्वजण एमआरटीपी कायदा म्हणत.

या कायद्याचे तिसरे कलम वाचण्यासारखे आहे. हा कायदा कोणाला लागू नाही, याची यादी त्यात होती: सरकारी कंपन्या, सरकारी उपक्रम, वैधानिक महामंडळे, कामगार संघटना, वित्तीय संस्था, आणि याच यादीत सहकारी संस्थेच्या मालकीचा उपक्रम. त्या काळाच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध होते. कायद्याचा रोख खाजगी हातांत संपत्ती एकवटण्यावर होता, आणि सहकार हे तर त्या एकवटण्यावरचे औषध मानले गेले होते. औषधाला रोगाचा कायदा कशाला लावायचा?

परंतु सवलतीची एक बाजू त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसावी. जो कायदा तुम्हांला लागू नाही, त्याच्या चर्चेत तुम्हांला कोणी बोलावत नाही. पुढील दोन दशके मक्तेदारी आयोगापुढे बाजाराविषयीचे जे काही कायदेशीर ज्ञान या देशात साठले – कोणता करार निर्बंधकारक, लोकहित कशाला म्हणायचे, बाजारातले वर्चस्व कसे मोजायचे – त्यात सहकारी संस्थांचा सहभाग जवळजवळ नव्हता. त्या ना आरोपी होत्या, ना जाणकार. त्यांच्या बाजूने वा विरुद्ध बोलता येईल असा वकीलवर्ग तयार झाला नाही, आणि कायदेपंडितांच्या मनात 'सहकारी संस्था म्हणजे बाजाराबाहेरची, सरकारच्या आधाराने जगणारी वस्तू' ही प्रतिमा पक्की होत गेली. ती प्रतिमा पूर्णतः खोटी होती असेही म्हणता येत नाही. राज्याराज्यांतून निबंधक संचालक मंडळे बरखास्त करीत होते आणि प्रशासक नेमत होते. मी स्वतः अशा आदेशांच्या मसुद्यांवर सह्या केल्या आहेत.

या दुराव्याला घटनेचाही हातभार लागला आहे. १९०४ आणि १९१२ चे सहकार कायदे अखिल भारतीय होते. १९१९ च्या सुधारणांनी सहकार प्रांतांकडे गेला आणि मुंबई प्रांताने १९२५ साली स्वतःचा कायदा केला. हीच विभागणी राज्यघटनेत उतरली. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत बत्तिसाव्या नोंदीत सहकारी संस्था आहेत. केंद्रसूचीतील त्रेचाळिसावी नोंद व्यापारी निगमांविषयी आहे आणि तीत 'सहकारी संस्था वगळून' असे स्पष्ट म्हटले आहे. मक्तेदारी आणि व्यापारी संघटनांचे गट हा विषय मात्र समवर्ती सूचीतील एकविसाव्या नोंदीत आहे, म्हणजे व्यवहारात केंद्राकडे. स्पर्धेचा कायदा दिल्लीत होणार आणि सहकाराचा माणूस राज्याच्या राजधानीत बसणार, ही रचना कोणा एका अधिकाऱ्याच्या विसराळूपणातून आलेली नाही.

१९९१ साली सारे बदलले. जुलैच्या औद्योगिक धोरणाने एमआरटीपी कायद्यातील मालमत्तेच्या मर्यादा मोडीत काढल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका अधिसूचनेने सरकारी उपक्रम, वित्तीय संस्था आणि सहकारी संस्था यांनाही त्या कायद्याच्या कक्षेत आणले. बावीस वर्षांची सवलत एका अधिसूचनेने संपली. त्या वर्षीचे वातावरण आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. सोने गहाण पडलेल्या देशात सहकाराच्या सवलतीसाठी अश्रू ढाळायला कोणाला सवड होती?

दुग्धव्यवसायाची कथा मात्र निराळ्या वळणाने गेली आणि ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तेथे सहकाराने आपले म्हणणे हिरिरीने मांडले आणि ते बरेचसे मान्यही झाले. १९९१ साली दुग्धव्यवसाय परवानामुक्त झाल्यावर खाजगी डेअऱ्यांची रीघ लागली. सहकारी संघांचे म्हणणे असे की आम्ही गावोगावी संस्था उभारल्या, पशुवैद्य दिले, कृत्रिम रेतनाची सोय केली, दूध कमी झाले तरी आणि जास्त झाले तरी रोज घेतले. आता टंचाईच्या महिन्यांत कोणी येऊन चार आणे जास्त देईल आणि पुष्कळतेच्या महिन्यांत पाठ फिरवील. या युक्तिवादात तथ्य होते. त्यातून ९ जून १९९२ रोजी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश निघाला. रोज दहा हजार लिटरांपेक्षा अधिक दूध हाताळणाऱ्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची झाली, आणि नोंदणीत दूध संकलनाचे क्षेत्र नेमून देण्याची तरतूद आली. यालाच 'मिल्कशेड' म्हणतात. आपण दूधक्षेत्र म्हणू.

आता वाचकांनी पुन्हा १९४५ कडे पाहावे. तेव्हा सरकारने आणंदचे क्षेत्र एका कंपनीला नेमून दिले म्हणून उत्पादकांनी संप केला. १९९२ साली उत्पादकांच्याच संस्था सरकारकडे नेमून दिलेले क्षेत्र मागत होत्या. कंपनी आणि सहकारी संघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, संघाचा नफा पुन्हा सभासदाकडेच जातो, हे सर्व मान्य. परंतु ज्या तालुक्यात संघ भ्रष्ट वा निष्क्रिय झाला, तेथील म्हैसवाल्याला पुन्हा एकच गिऱ्हाईक उरले की नाही? उसाच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचे अंतर, उत्तर प्रदेशात कारखान्यांना राखून दिलेली उसाची क्षेत्रे. रंगराजन समितीने २०१२ साली या राखीव क्षेत्रांवर आणि अंतराच्या अटीवर बोट ठेवले. सहकाराची बाजू मांडणाऱ्यांनी स्पर्धाधोरणाच्या चर्चेत या प्रश्नाला सरळ तोंड दिल्याचे मला फारसे दिसलेले नाही. आपण लहान आहोत म्हणून संरक्षण हवे, आणि आपण आपल्या क्षेत्रात एकटे असलो पाहिजे, ही दोन विधाने एकाच निवेदनात येतात तेव्हा समोरचा अर्थतज्ज्ञ पहिल्या विधानावरही विश्वास ठेवीनासा होतो.

मार्च २००२ मध्ये दूध आदेशात दुरुस्ती होऊन दूधक्षेत्राचे बंधन गेले. आणि २००२ हे वर्षच मोठे विलक्षण होते. त्या वर्षी राष्ट्रीय सहकार धोरण जाहीर झाले. बहुराज्य सहकारी संस्थांचा नवा कायदा आला. प्रा. योगेंद्र अलघ यांच्या समितीच्या शिफारशींप्रमाणे कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्यांचे प्रकरण घालणारी दुरुस्ती मंजूर झाली. सहकाराची तत्त्वे ठेवून निबंधकाच्या तावडीतून सुटण्याची ती वाट होती. आणि डिसेंबरात संसदेने स्पर्धा कायदा संमत केला. एकाच वर्षात लहान उत्पादकाच्या बाजारातील स्थानाविषयी पाच निर्णय झाले, आणि त्यांचा एकत्रित विचार ज्या टेबलावर झाला असे एकही टेबल नव्हते. दूध एका विभागाकडे, सहकार दुसऱ्या विभागाकडे, कंपनी व्यवहार तिसऱ्याकडे.

स्पर्धा कायद्याचा पाया एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घातला होता. १९९९ च्या ऑक्टोबरात ती नेमली गेली आणि मे २००० मध्ये तिने अहवाल दिला. सरकारी असो, खाजगी असो, सर्वांना एकच नियम हा तिचा सूर होता. कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या आहे आणि तीत कंपनी, भागीदारी, हिंदू अविभक्त कुटुंब यांच्याबरोबर 'सहकारी संस्थांविषयीच्या कोणत्याही कायद्याखाली नोंदलेली सहकारी संस्था' नाव घेऊन सांगितली आहे. १९६९ च्या कायद्यात सहकाराचे नाव वगळण्यासाठी आले होते; या कायद्यात ते समाविष्ट करण्यासाठी आले.

समाविष्ट केले यात गैर काही नाही, असे माझे मत आहे. अडचण पुढच्या व्याख्येत आहे. या कायद्याप्रमाणे उत्पादकांच्या वा विक्रेत्यांच्या संघटनेने आपापसांत करार करून किंमत, उत्पादन वा पुरवठा यांवर नियंत्रण ठेवण्याचा प्रयत्न केला तर त्याला 'कार्टेल' म्हणतात, आणि अशा कराराने स्पर्धेला बाधा येते असे गृहीतच धरले जाते. आता सहकारी दूध संघ दुसरे काय करतो? हजारो स्वतंत्र उत्पादक एकत्र येतात, एकाच दराने दूध देतात, एकत्र विकतात. संघ ही एकच संस्था आहे असे मानले तर तिचा दर हा तिचा अंतर्गत निर्णय ठरतो. पण जिल्हा संघ स्वतंत्र नोंदलेल्या संस्था आहेत, त्यांचा राज्य महासंघ आणखी निराळी संस्था आहे, आणि महासंघ सर्वांसाठी एक किंमत ठरवतो. हा एका उद्योगाचा निर्णय की अनेक उद्योगांमधला करार? संयुक्त उपक्रमाने कार्यक्षमता वाढत असेल तर कायद्यात अपवाद आहे, आणि ५४ व्या कलमाखाली केंद्र सरकार लोकहितार्थ एखाद्या वर्गाला सूट देऊ शकते. त्या कलमाखाली जहाज कंपन्यांच्या काही करारांना सूट मिळाली, प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या विलीनीकरणाला मिळाली. सहकारी विपणनासाठी अशी सूट मागावी, असे सहकाराच्या वतीने म्हणणारा आवाज मात्र कायदा घडत असताना ऐकू आला नाही.

अमेरिकेत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आला होता. १८९० च्या शर्मन कायद्याखाली शेतकऱ्यांच्या संघटनांवरही खटले होऊ लागले, तेव्हा तेथील शेतकरी नेत्यांनी काँग्रेसपुढे आपले म्हणणे वर्षानुवर्षे मांडले आणि १९२२ साली कॅपर-व्होलस्टेड कायदा करून घेतला. शेतकऱ्यांना एकत्र येऊन मालावर प्रक्रिया आणि विक्री करण्याची मुभा त्याने दिली, पण अटी घालून: प्रत्येक सभासदाला एकच मत असावे किंवा भांडवलावरचा लाभांश आठ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, आणि सभासदांपेक्षा परक्यांच्या मालाचा व्यापार अधिक नसावा. शिवाय संघटनेने किमती अवाजवी चढवल्या तर दखल घेण्याचा अधिकार कृषिमंत्र्याला ठेवला. सरसकट सवलतही नाही आणि सरसकट समावेशही नाही. आपल्याकडे १९६९ साली पहिले टोक गाठले आणि २००२ साली दुसरे.

भारतीय स्पर्धा आयोगाचे प्रत्यक्ष कामकाज २० मे २००९ पासून सुरू झाले. दरम्यान २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा झाला होता. त्या कायद्याच्या मजकुरात सहकारी संस्था आहे. उद्योगाचे वर्गीकरण करताना ती मालकी, भागीदारी आणि कंपनी यांच्या रांगेत उभी आहे, आणि लहान उद्योगांचा माल विकणारी सहकारी संस्था थकलेल्या बिलावर व्याज मागू शकते. पण त्याच कायद्याने स्थापन केलेल्या राष्ट्रीय मंडळाची रचना पाहा. मंत्री, खासदार, राज्यांचे प्रतिनिधी, रिझर्व्ह बँक, नाबार्ड, उद्योगांच्या संघटनांचे वीस प्रतिनिधी, महिला उद्योजक, कामगार संघटना. सहकारी संस्थांसाठी म्हणून वेगळी जागा नाही. हाच कित्ता माझ्या बैठकीच्या यादीने गिरवला होता.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह होतो. परदेशी पाहुण्यांना भारतीय सहकाराचे उदाहरण म्हणून आपण हटकून लिज्जत पापडाचे नाव सांगतो. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला तो उद्योग वृत्तीने पूर्णपणे सहकारी आहे. परंतु त्याची नोंदणी सहकार कायद्याखाली नसून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे. म्हणजे सहकाराचा प्रतिनिधी बोलवायचा ठरला तरी नियमाप्रमाणे त्या भगिनींना बोलावणे जाणार नाही, आणि सभासद कधीच न जमलेल्या एखाद्या कागदी संस्थेला जाईल.

२०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकाराला घटनेत स्वतंत्र प्रकरण दिले. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती म्हणून, राज्यांतील संस्थांपुरते ते रद्द केले आणि बहुराज्य संस्थांपुरते शिल्लक ठेवले. त्याच महिन्याच्या प्रारंभी केंद्रात सहकार मंत्रालय स्थापन झाले होते. सुरेश प्रभू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेले नवे राष्ट्रीय सहकार धोरण जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे निमंत्रणपत्रिका कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हा माझ्या वरिष्ठांचा प्रश्न सुटला आहे. तिच्यावर नाव कोणाचे लिहायचे, हा प्रश्न मात्र २०२३ साली उघडा पडला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अमूलने बंगळूरला ताजे दूध विकण्याचा मनोदय जाहीर केला आणि कर्नाटकात, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, नंदिनीच्या बाजूने मोठे वादळ उठले. मे महिन्यात तमिळनाडूचे मुख्यमंत्री मु. क. स्टालिन यांनी केंद्रीय गृह व सहकारमंत्री अमित शाह यांना पत्र लिहिले: अमूल आपल्या बहुराज्य परवान्याच्या आधारे कृष्णगिरी जिल्ह्यात शीतकरण केंद्रे उभारून आविनच्या दूधक्षेत्रात दूध गोळा करीत आहे, सहकारी संघांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरायचे नाही हा आजवरचा संकेत मोडला जात आहे, हे थांबवावे. खेड्याच्या ज्या संघाने एकाधिकाराविरुद्ध जन्म घेतला, तोच येथे मोठा आगंतुक ठरला होता. बंगळूरच्या काही मराठी वाचकांनी तेव्हा मला विचारले होते की यात आपण कोणाची बाजू घ्यायची.

मला त्या वेळी उत्तर सुचले नव्हते. आता एवढे सांगता येते की क्षेत्र न ओलांडण्याचा हा संकेत दोन सिमेंट कंपन्यांनी पाळला असता तर स्पर्धा कायद्याच्या भाषेत त्याला बाजार वाटून घेणे म्हटले गेले असते, आणि तो कायद्याने गृहीत धरलेल्या अपायांपैकी एक आहे. दुसरीकडे, ज्या राज्यसंघाने तीस-चाळीस वर्षे गावपातळीवर पैसा आणि माणसे घातली, त्याची ती गुंतवणूक बाजारभावात कोठेच दिसत नाही. कृष्णगिरीच्या दूध उत्पादकाला दोन गिऱ्हाइके मिळाली, ही त्याच्यासाठी पहिल्या वर्षी चांगलीच गोष्ट. पाचव्या वर्षी आविनचे गावातील केंद्र बंद पडले तर? याचा हिशेब मांडायला आविनचा माणूस हवा, अमूलचा माणूस हवा, आणि दोघांपैकी कोणाचाही सभासद नसलेला, दोन म्हशींचा मालकही हवा. 'सहकाराचा प्रतिनिधी' या एका खुर्चीवर हे तिघे बसू शकत नाहीत.

त्या जुन्या बैठकीचे इतिवृत्त मंजुरीला गेले तेव्हा मी शेवटी एक परिच्छेद जोडला होता: पुढील बैठकीस राज्यांच्या सहकार विभागांना आणि किमान एका उत्पादक महासंघाला बोलवावे, आणि किंमत एकत्र ठरवणाऱ्या सहकारी संस्थेचे कायद्यातील स्थान काय, याविषयी विधी खात्याचे मत घ्यावे. इतिवृत्त परत आले ते पहिल्या वाक्यावर 'मान्य' अशा शेऱ्यासह. दुसऱ्या वाक्याच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होते.